सातचा मिस कॉल

काय करतोस म्हणून कुणी विचारलं की मी सांगतो, सर्व्हरची राखण. समोरचा म्हणतो, म्हणजे वॉचमन का? आधी माझं डोकं फिरायचं. आता मीच म्हणतो, व्हय, वॉचमनच. फरक एवढाच की गेटवरच्या वॉचमनला आत कोण गेलं, कोण आलं ते डोळ्यांनी दिसतं. मला तेवढंही दिसत नाही.

बारामतीच्या एमआयडीसीत दादासो सरांचं छोटं ऑफिस आहे. आमच्याकडं अडतीस गिऱ्हाइकं. शाळा, दवाखाने, ट्रॅक्टरची दोन शोरूम, रोपवाटिका. या सगळ्यांच्या वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालतात ते चालू आहेत की बंद पडलेत, हे बघणं माझं काम. सकाळी सहा ते दुपारी दोन माझी पाळी. बघणं म्हणजे मी बघत नाही, प्रोग्रॅम बघतो. तो दर मिनिटाला एकेका सर्व्हरला हाक मारतो. सर्व्हरनं ओ दिली की स्क्रीनवर हिरवा ठिपका. ओ नाही दिली की लाल.

एकदा लाल झाला म्हणून कुणी धावत सुटत नाही. मधल्या मधे नेट अडखळतं, परत सुरळीत होतं. म्हणून नियम असा, की सलग तीन हाका वाया गेल्या तरच अलार्म वाजायचा. दोन वाया गेल्या आणि त्यानंतर ओ आली, तर मागचं सगळं माफ, मोजणी परत शून्यापासून. हा तीनचा नियम मीच लावला होता. त्याआधी उठसूट अलार्म वाजायचा आणि शेवटी शेवटी तो वाजला तरी कुणी मान वर करून बघायचं नाही.

या राखणीत एक खोट आहे. सर्व्हरनं ओ दिली म्हणजे त्याचं बरं चाललंय असं नाही, ओ देण्यापुरता तो जागा आहे एवढंच. हे मला शेळगावच्या एका रोपवाटिकेनं शिकवलं. ऋषिराज नावाचा मालक, उसाची रोपं विकतो, बुकिंग वेबसाइटवरून. एके दिवशी सकाळपासून त्याचा फोन, एकपण बुकिंग येईना म्हणून. मी बघितलं तर ठिपका हिरवागार. मी त्याला सांगितलं, सर्व्हर चालू आहे, तुमचं नेट तपासा. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा जरा तोडूनच सांगितलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा तर मी त्याची अक्कल काढायचीच बाकी ठेवली होती. दुपारी कळलं की पहिलं पान झकास उघडतंय, पण बुकिंग जिथं साठतं तिथली जागा भरून गेलीय आणि बटण दाबलं की पुढं काहीच होत नाही. प्रोग्रॅम बिचारा दर मिनिटाला पहिलं पान बघून परत येत होता. त्या महिन्याच्या रिपोर्टात ऋषिराजचा सर्व्हर नव्याण्णव पॉइंट नऊ आठ टक्के चालू होता.

दादासो सरांनी मला समोर बसवलं आणि शांतपणे म्हणाले, "समाधान, पाव्हण्याच्या दाराला नुसता हात लावून येऊ नये. आत जाऊन पाणी पिऊन यावं."

मग मी एक खोटं गिऱ्हाईक तयार केलं. तपासे त्याचं नाव. हा तपासे दर दहा मिनिटांनी दोन ट्रे रोपं बुक करतो आणि लगेच रद्द करतो. त्याला बुकिंग जमलं नाही की माझा मोबाइल बोंबलतो. सरांनी सगळ्या ऑफिससमोर पाठ थोपटली. मला वाटलं, झालं, आता यातलं आपल्याला सगळं कळतं.

हे झालं गेल्या वर्षी पावसाळ्यात. आता घरचं सांगतो.

आमचं घर लासुर्ण्याला, गावाबाहेर वस्तीवर. आई गेल्यापासून आबा तिथं एकटेच. आबा म्हणजे माझे वडील, कचरू. चौतीस वर्षं कारखान्यात टाइमकीपर होते. भोंगा वाजवायचं काम त्यांच्याकडं. सात म्हणजे सात, सहा एकोणसाठ नाही आणि सात एक नाही. आसपासच्या गावांतली घड्याळं आबांच्या भोंग्यावर लावलेली असायची. एकदा बॉयलर बिघडून कारखाना तीन दिवस बंद होता, तरी विजेवरचा भोंगा वेळेवर वाजत होता, आणि ऊस घेऊन आलेले लोक गेटवर येऊन आबांवर ओरडत होते. आबांनी त्यांना सांगितलं होतं, "भोंगा वाजला म्हंजे भोंगा चालू हाय. कारखान्याचं कारखान्याला इचारा." हा किस्सा मी ऑफिसात तिखटमीठ लावून सांगायचो.

दोन वर्षांपूर्वी आबांचं बीपी एकशेनव्वद निघालं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि माणूस एकटा ठेवू नका. काही झालं तर चार-साडेचार तासांच्या आत दवाखान्यात पाहिजे. माझी थोरली बहीण मोनाली शेळगावच्या शाळेत शिक्षिका आहे, राहते इंदापुरात. ती म्हणाली, आबांना बारामतीला घेऊन जा. आबा येईनात. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात वाऱ्याची दिशा कळत न्हाय म्हणाले. आता याला काय बोलायचं? मोनाली म्हणाली, मग तू लासुर्ण्याला राहा, तिथनं ये-जा कर. मला ते नको होतं. सकाळी सहाची पाळी, त्यात पायलची नोकरी बारामतीत. पायल माझी बायको. ही झाली सांगायची कारणं. खरं म्हणजे मला वस्तीवर राहायचा कंटाळा होता.

"मी अडतीस सर्व्हर सांभाळतो," मी मोनालीला म्हणालो. "एक बाप सांभाळता येणार नाही होय?"

आमच्या घरात मिस कॉलची रीत जुनी. मी पुण्यात शिकत होतो तेव्हापासूनची. एक मिस कॉल म्हणजे सुखरूप. दोन म्हणजे फोन कर. तीन म्हणजे निघून ये. तिसऱ्याची पाळी एकदाच आली होती, आई गेली तेव्हा. आणि सगळ्यात मोठा नियम, मिस कॉल उचलायचा नाही. उचलला की पैसे पडतात, म्हणून. आता फोन फुकट झाले, पण आबांच्या लेखी मिस कॉल उचलणारा माणूस अजून उधळ्याच. मागं एकदा चुकून माझ्या हातून उचलला गेला तर दोन दिवस बोलले नाहीत.

तर ठरलं असं, की रोज सकाळी सातला आबांनी एक मिस कॉल द्यायचा. सातला मी स्क्रीनसमोर असायचो. फोन एकदा वाजायचा आणि कट व्हायचा. मी अडतीस ठिपक्यांत मनातल्या मनात एकोणचाळिसावा हिरवा करायचो. दोन वर्षांत एक दिवस खाडा नाही. पायल म्हणायची, अहो, कधी सावकाश बोला की त्यांच्याशी. रविवारी बोलायचो. जेवला का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवतो.

या फेब्रुवारीतल्या मंगळवारची गोष्ट. सातचा मिस कॉल आला, नेहमीसारखा. दहा वाजून चाळीस मिनिटांनी आबांचे लागोपाठ दोन मिस कॉल आले. दोन म्हणजे फोन कर. नेमकं त्याच वेळी एका शाळेचा सर्व्हर आचके देत होता आणि सर माझ्या खुर्चीमागं उभे होते. आठ-दहा मिनिटांनी मोकळा झालो आणि लगेच फोन लावला. घंटी वाजून वाजून थांबली. परत लावणार तेवढ्यात आबांचा मिस कॉल आला. एकच. एक म्हणजे सुखरूप. मी समजलो, काहीतरी विचारायचं होतं, तेवढ्यात त्यांचं त्यांना सापडलं. मोजणी शून्यावर. मी चहाला गेलो.

बुधवारी सातला मिस कॉल आला. गुरुवारी आला. शुक्रवारी आला. एक गोष्ट मात्र वेगळी होती. एरवी एका घंटीत कट करणारे आबा कट करेनात. सात-सात, आठ-आठ घंट्या वाजायच्या. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. गुरुवारी मला रागच आला, की आबांना साधं कट करायला काय होतंय? शुक्रवारी मी बटण दाबून फोनचा आवाज बंद केला आणि तो आपोआप थांबेपर्यंत टेबलावर पालथा ठेवला. उचलला नाही. मिस कॉल उचलायचा नसतो.

सर्व्हर ओ द्यायला उशीर करायला लागला की आतमध्ये काहीतरी अडलंय असं समजावं, हे मी नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. ठिपका हिरवा असला तरी वेळ बघत जा, असं मी फळ्यावर लिहून देतो. हस्ताक्षर माझंच असतं.

शनिवारी मोनालीची शाळा सकाळची. ती सुटल्यावर आबांना भेटून मग इंदापूरला जावं म्हणून ती आधी लासुर्ण्याला आली. पावणेबाराला तिचा फोन आला.

"आबांना बोलता येत न्हाय," ती म्हणाली. "तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलत न्हाय."

मी काय बोललो ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "असं कसं? सकाळी मिस कॉल आला होता की."

ती म्हणाली, "मिस कॉल द्यायला तोंड कुठं लागतं, समाधान?"

बारामतीतल्या दवाखान्यात आणेपर्यंत दीड वाजला. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. गुठळी होती. त्यांनी विचारलं, हे कधी झालं? मोनालीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, माहीत नाही. ते म्हणाले, चार दिवस तरी झाले असावेत, सुरुवातीला आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं. आता औषधं, व्यायाम, आणि वाचा किती परत येईल ते सांगता येत नाही. हे सगळं ते अगदी सरळ आवाजात बोलले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी शेजारचे म्हस्कूतात्या दवाखान्यात आले. तात्यांची वस्ती आमच्या बांधापलीकडं. एरवी त्यांची बायको ठमाबाई रोज ताक घेऊन आमच्याकडं येते आणि तासभर बोलत बसते. पण ती त्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला सांगवीला गेली होती. मागं शेरडांसाठी तात्या एकटेच. तात्यांचे डोळे भरले होते. ते म्हणाले, रोज सकाळ-संध्याकाळ मी बांधावरनं हाक मारत होतो, काय कचरूराव, बरं हाय का? आणि कचरूराव ओट्यावरनं हात वर करत होते. मी म्हणालो, तात्या, हात कुठला? तात्यांनी बराच विचार केला. मग हळूच आपला डावा हात वर करून बघितला आणि खाली घेतला. त्यांनी निदान हाक तरी मारली होती.

रात्रीसाठी मोनाली थांबणार होती. ती आबांचे कपडे आणायला गेली तेव्हा मी आबांचा फोन हातात घेतला. बटणांचा फोन आहे, त्यात लावलेल्या-आलेल्या फोनांची यादी राहते. मंगळवारची यादी काढली. दहा चाळीस, माझा नंबर. दहा एक्केचाळीस, माझा नंबर. दहा त्रेचाळीस, सुतार म्हणून एक नंबर. दहा पंचेचाळीस, परत सुतार. सत्तेचाळीस, गॅसवाला. मग माझा आलेला फोन, न उचललेला. आणि दहा बावन्न, माझा नंबर. फोनमधल्या नावांच्या यादीत माझ्या नावाच्या खाली सुतार होता. डाव्या हाताचं बोट घसरत होतं.

मी ती यादी दोनदा वाचली. मग उठून आबांच्या उशाशी गेलो. ते जागे होते.

"आबा," मी विचारलं, "मंगळवारी तुमी तीन देत होता का?"

आबांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. होय.

दोन आणि एक मिळून तीन. निघून ये. मंगळवारी दहा बावन्नपासून माझा बाप मला निघून ये म्हणत होता आणि मी चहाला गेलो होतो. चाळीसला पहिला मिस कॉल. मी बावन्नला गाडीला किक मारली असती तरी अकरा चाळीसला पोचलो असतो. डॉक्टरांच्या साडेचार तासांतले साडेतीन शिल्लक राहिले असते. हा हिशेब मी तिथंच उभ्याउभ्या केला, आणि मग खाटेच्या कडेला बसलो.

"मग बुधवारी परत एकच का दिला?" माझा आवाज चढला होता. कुणावर चढला होता देव जाणे. "गुरुवारी? परत तीन द्यायचे की."

आबांनी डावा हात पांघरुणाबाहेर काढला. माझ्याकडं बोट केलं. मग त्याच हाताची बोटं चादरीवर टकटक टकटक वाजवली, मी स्क्रीनसमोर बसून वाजवतो तशी. मग हात हलवून राहू दे अशी खूण केली.

मला कळलं. तीन दिले, पोरगं आलं नाही. म्हणजे कामात असणार, त्याला यायला जमत नसणार. मग उगाच कशाला त्याच्या जिवाला घोर? म्हणून बुधवारपासून सातला एक, सुखरूप. भोंगा चौतीस वर्षं चुकला नव्हता, आताही चुकला नाही. मी खाटेच्या पट्टीला डोकं टेकून रडलो. आबा त्या डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटत होते, आणि ते मला आणखीच सोसवेना.

त्यानंतर आबा आमच्या तिसऱ्या मजल्यावर आले. आता वाऱ्याची दिशा सांगून नको म्हणायला तोंडच नव्हतं, हे मोनालीनं तोंडावर बोलून दाखवलं आणि मग स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. ती माझ्याशी महिनाभर धड बोलली नाही. तिचं बरोबर होतं. एक बाई दिवसाआड येऊन आबांकडून शब्द म्हणवून घ्यायची. चहाचा च, पाण्याचा पा. तिसऱ्या आठवड्यात "चा" आला. पाचव्यात "न्हाय" आला, आणि तो आल्यापासून आबा प्रत्येक गोष्टीला न्हाय म्हणायला लागले. मी संध्याकाळी घरी आलो की समोर बसून एकेक प्रश्न विचारायचो. ज्याचं उत्तर मान हलवून देता येईल असा प्रश्न विचारायचा नाही, असं मी ठरवलं होतं. दुपारी काय खाल्लं? खाली कुणाची गाडी लागली होती? उत्तराला पाच-पाच मिनिटं लागायची. मी थांबायचो.

ऑफिसात मात्र सातचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. सात वाजले की नजर आपोआप फोनकडं जायची. फोन गप्प असायचा. आबा पायलजवळ घरी आहेत हे माहीत असूनही दोन-तीन मिनिटं मी तो हातात धरून बसायचो.

परवाच्या सोमवारी सातच्या ठोक्याला फोन वाजला. आबांचा नंबर. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत मी उचलला.

"आबा?"

पलीकडं नुसता श्वास. मागं पायलचा मिक्सर चालू होता, तो बंद झाला. म्हणजे तीही कान देऊन उभी असणार. समोर स्क्रीनवर त्याच, मंगळवारी आचके देणाऱ्या शाळेचा ठिपका लाल झाला. श्वास जोरात झाला, अडकला, परत सुरू झाला.

"उ..." आबा म्हणाले. "उच... उचलू न्हाय." मग दम घेऊन, स्वच्छ रागानं, "मिस कॉल हाय."

आजारपणानंतरचं त्यांचं पहिलं अख्खं वाक्य ते. मी डोळे पुसले आणि म्हणालो, "आता मी उचलणार, आबा. रोज उचलणार. तुमाला काय बोलायचं ते बोला."

त्यांनी फोन कट केला नाही. शाळेचा ठिपका दुसऱ्यांदा लाल झाला, मग तिसऱ्यांदा, आणि अलार्म वाजायला लागला. सरांनी केबिनमधून बघितलं. मी एक हात वर करून त्यांना थांबायला सांगितलं आणि फोन कानाशी धरून बसून राहिलो.